जाहिरात पाहून सुरू झालेला व्यायाम टिकत का नाही?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मी 34 वर्षांची आहे. दर जानेवारीत रील्स पाहून जिम लावते, पहिले पंधरा दिवस जोरात जाते आणि महिना संपता संपता सगळं बंद पडतं. घरचे म्हणतात, हिच्यात चिकाटीच नाही. खरंच माझ्यातच खोट आहे का?
– एक वाचक, नाशिक

चिकाटीपेक्षा इथे हिशेब चुकतोय. रील तुम्हाला फळ म्हणून सपाट पोट दाखवते. ते फळ मिळायचंच असलं तर काही महिने लागतात, आणि पुष्कळ जणींच्या शरीराची ठेवणच अशी असते की ते तसं कधी दिसणारही नाही. आहार न बदलता नुसता व्यायाम केला तर चार आठवड्यांत वजनकाटा जवळजवळ हलत नाही. ताकद मात्र वाढायला लागलेली असते. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत ती वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायूंच्या आकारात फरक दिसतो तो नंतर. म्हणजे तुम्ही जिम सोडता तेव्हा शरीराचं काम सुरू झालेलं असतं, पण तुम्ही ते आरशात शोधत असता आणि आरशात अजून काहीच उमटलेलं नसतं.

दुसरी गोष्ट रील्सचीच. मारिका टिगेमन आणि मिया झकार्डो या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा 2015 मधला एक प्रयोग या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्यांनी कॉलेजमधल्या 130 मुलींपैकी काहींना व्यायामाची प्रेरणा देणारे फोटो दाखवले, तर काहींना प्रवासाचे. व्यायामाचे फोटो पाहणाऱ्या मुलींना व्यायामाची प्रेरणा वाटली खरी, पण त्यांची मनःस्थिती खालावली, स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढली आणि दिसण्याबाबतचा आत्मविश्वास उतरला. कारण मुली फोटोतल्या बाईशी स्वतःची तुलना करत होत्या. तेव्हा रील पाहून ‘उद्यापासून नक्की’ असं वाटतं त्यावर विसंबू नका. त्या वाटण्यासोबतच स्वतःबद्दलची नावडही मनात शिरते, आणि जे शरीर आवडत नाही ते घेऊन आरसेच आरसे असलेल्या खोलीत रोज जायला कोणाला आवडेल?

तिसरी चूक जोराची. रीलमध्ये उड्या, बर्पी, वीस सेकंद दम आणि दहा सेकंद विश्रांती असा मामला असतो, कारण कॅमेऱ्याला तेच भावतं. सवय नसलेल्या शरीराला श्वास फुलण्याच्या मर्यादेपलीकडे नेलं की तो वेळ नकोसा वाटतो आणि डोक्यात व्यायामाची आठवण तीच राहते. पहिले सहा आठवडे कसोटी एकच ठेवा: व्यायाम करता करता दोन पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. तिथे एका उडीत जायचं नसतं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, दर वेळी 15 मिनिटं पुरेत. पुढे दर आठवड्याला प्रत्येक खेपेत चार-पाच मिनिटं वाढवा. मोजमापासाठी वजनकाट्याऐवजी तीन नोंदी ठेवा. ठरावीक जिना चढल्यावर किती पायऱ्यांनी धाप लागते, रात्री झोप कधी लागते, आणि व्यायामाआधी व नंतर मनाची अवस्था दहापैकी किती. तिसऱ्या नोंदीत बहुतेक जणींना पहिल्याच दिवशी फरक दिसतो. व्यायाम टिकतो तो अशा, त्याच दिवशी हातात पडणाऱ्या फायद्यावर.

रील्सचं काय? सुचवणारी यंत्रणा तुम्ही काय ‘लाइक’ करता एवढंच पाहत नाही, कशावर किती सेकंद थांबता हेही पाहते. नाकं मुरडत पूर्ण पाहिलेली रीलसुद्धा तिच्या लेखी ‘आवडली’तच जमा होते. म्हणून नकोशी रील आली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढे सरका किंवा ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. ‘बेली फॅट’, ‘वेट लॉस’, ‘ट्रान्सफॉर्मेशन’ हे शब्द सेटिंगमधल्या नको असलेल्या शब्दांत टाका. शोधायचं तर कौशल्य शोधा: पोहायला कसं शिकावं, सूर्यनमस्कारात खांदे कसे ठेवावेत, पहिलं पुशअप कसं जमतं. शरीर काय करू शकतं हे दाखवणारा मजकूर तुलनेला कमी वाव देतो. फीड बदलायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, आणि मध्येच एकदा मोह होऊन पाच रील्स सलग पाहिल्या की गाडी पुन्हा मागे येते.

मी बारीक आहे, अगदी जाहिरातीतल्या बायकांसारखी. मैत्रिणी म्हणतात, तुला व्यायामाची काय गरज?
– एक वाचक, कोल्हापूर

‘बारीक म्हणजे तंदुरुस्त’ हा जाहिरातींनी आपल्या गळी उतरवलेला सर्वांत महागडा गैरसमज असावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचं 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही ठेवण भारतीयांमध्ये पुष्कळ आढळते आणि तिचा मधुमेहाशी थेट संबंध आहे. कमरेचा घेर मोजा. श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. भारतीय स्त्रीसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. घेर त्याच्या आत असला तरी ताकदीचा व्यायाम हवाच: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढणं. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या. बारावी खेप सहज जमू लागली की वजन वाढवा.

माझी मुलगी 14 वर्षांची आहे. सतत फिल्टर लावून फोटो काढते, पोळी सोडली आहे, रात्री खोलीत दार लावून व्यायाम करते. बदललेल्या फोटोंवर तसा शिक्का मारायचा कायदा परदेशात आहे असं वाचलं. आपल्याकडे तो आला तर मुली वाचतील का?
– एक आई, पुणे

आधी कायद्याचं. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं, नाहीतर 37,500 युरोंपर्यंत दंड होतो. नॉर्वेमध्ये 1 जुलै 2022 पासून इन्फ्लुएन्सरनाही हाच नियम आहे. हेतू चांगला, पण प्रयोगांमध्ये अशा शिक्क्यांचा उपयोग फारसा दिसलेला नाही. ‘कंबर बारीक केली आहे’ असं लिहिलं की नजर उलट आधी कमरेकडेच जाते. फोटो खोटा आहे हे माहीत असणं आणि त्याच्याशी तुलना न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलीलाही फिल्टर खोटा असतो हे ठाऊक आहेच, तीच तो लावते.

माध्यमांचा जोर किती असू शकतो याचं फिजीतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. भरल्या अंगाचं कौतुक करणारा तो समाज. संशोधक ॲन बेकर यांनी टीव्ही आला त्या सुमारास आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुलींचं प्रमाण शून्यावरून 11.3 टक्क्यांवर गेलं होतं. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि गटही लहान होते, म्हणून सगळा दोष टीव्हीच्या माथी मारता येत नाही. पण तेव्हा टीव्ही निदान बंद तरी करता यायचा. 2021 मध्ये इन्स्टाग्रामची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद कंपनीनेच करून ठेवली होती.

आता मुलीचं. पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जा: पाळी तीन महिने न येणं, जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाणं, ताप असतानाही व्यायाम न चुकवणं, उठल्यावर चक्कर येणं, सगळ्यांसोबत जेवायला टाळणं. वाढीचा तक्ता सोबत न्या. या वयात वजन ‘स्थिर’ राहणं हीसुद्धा घटच असते, कारण उंची वाढत असते. बोलायला कोणी हवं असेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरात एक बदल आजपासून करता येईल. ‘काय गं, किती बारीक झालीस!’ हे कौतुक म्हणून आणि ‘सुटलीस हं’ हे चेष्टा म्हणून, दोन्ही बंद. स्वतःबद्दलही. आई आरशासमोर पोट आत ओढून उसासा टाकते तेव्हा मुलगी ते पाहत असते. पोळीवरून ताटावर वाद घालू नका. जेवणाची वेळ पाळा आणि सोबत बसा. दार लावून चाललेल्या व्यायामाऐवजी गट असलेला खेळ सुचवा: खो-खो, बॅडमिंटन, काहीही. मात्र वजनगट असलेले किंवा बारीक राहण्यावर भर असलेले प्रकार सध्या नकोत. फोन काढून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवर तेच पाहील. रात्री नऊनंतर सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, बाबांचाही, हा नियम जास्त टिकतो.

‘21 दिवसांत 8 किलो’ अशा आधी-नंतरच्या फोटोंच्या जाहिराती आमच्या भागात रोज येतात. फोटो खरेच असतील तर?
– एक वाचक, जळगाव

फोटो खरा असूनही जाहिरात खोटी असू शकते. ‘आधी’च्या फोटोत प्रकाश समोरून, खांदे पडलेले, पोट सैल, जेवणानंतरची वेळ. ‘नंतर’मध्ये प्रकाश बाजूने, म्हणजे सावल्यांनी स्नायू उठून दिसतात, श्वास आत, पँट कमरेच्या वर ओढलेली, अंगाला तेल. हे दोन्ही फोटो एकाच दुपारी काढता येतात. पहिल्या आठवड्यातली घटही बहुतेक पाण्याची असते. भात-पोळी बंद केली की शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपते आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. दीड-दोन किलो असेच जातात आणि दोन दिवस नीट जेवलं की परत येतात. बाई मात्र समजते की आपलाच संयम सुटला, आणि जाहिरातीतल्या पावडरीचा दुसरा डबा मागवते. धंदा चालतो तो असा.

लठ्ठपणावर औषधाने उपचार करण्याचा दावा जाहिरातीत करायला 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. लठ्ठपणा त्याच्या अनुसूचीतच आहे. ‘आम्ही औषध नाही, सप्लिमेंट विकतो’ असं म्हणून पुष्कळ जण निसटतात, पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही लागतो: पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, बिल ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आमच्या सोसायटीत महिलांचा चालण्याचा गट सुरू करायचा आहे. पोस्टर आणि व्हॉट्सॲप संदेश करायचे आहेत. इंग्लंडमधल्या ‘धिस गर्ल कॅन’ मोहिमेचं फार नाव ऐकलं. त्यातून काय घ्यावं?
– महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, ठाणे

घेण्यासारखं बरंच आहे. ‘स्पोर्ट इंग्लंड’ या तिथल्या सरकारी संस्थेने ही मोहीम जानेवारी 2015 मध्ये सुरू केली. त्याआधी त्यांनी पाहिलं होतं की 14 ते 40 वयोगटात नियमित खेळणाऱ्या स्त्रिया पुरुषांपेक्षा 20 लाखांनी कमी आहेत, आणि तरीही 75 टक्के स्त्रियांना अधिक हालचाल करायची इच्छा आहे. मग अडतं कुठे? उत्तर निघालं: लोक काय म्हणतील. आणि हे ‘काय म्हणतील’ तीन प्रकारचं होतं. दिसण्याबद्दल: घाम, लाल चेहरा, हलणारं अंग. जमण्याबद्दल: मला येत नाही, माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल. आणि प्राधान्यांबद्दल: घरचं सोडून ही स्वतःसाठी वेळ काढते. तिसरा प्रकार ठाण्यातही तितकाच लागू आहे, कदाचित जास्तच.

म्हणून मोहिमेत मॉडेल किंवा नामवंत खेळाडू घेतल्या नाहीत. रस्त्यात, तलावावर, जिममध्ये सापडलेल्या सामान्य स्त्रिया घेतल्या आणि घाम, थरथर, धाप सगळं तसंच ठेवलं. त्या मोहिमेमुळे 28 लाख स्त्रियांनी काही ना काही हालचाल सुरू केली किंवा वाढवली असं सांगितलं जातं. हा आकडा स्त्रियांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरचा आहे, तेव्हा थोडी सूट धरून वाचावा. टीकाही झाली: प्रौढ बायकांना ‘गर्ल’ का म्हणता, आणि घामाघूम असतानाही ‘आकर्षक’ वाटण्याची घोषणा कशाला? टीका रास्त आहे. तरी त्याच वर्षी लंडनच्या भुयारी रेल्वेत लागलेलं दुसरं पोस्टर आठवा. बिकिनीतली मॉडेल, शेजारी वजन घटवणाऱ्या पावडरीचे डबे आणि सवाल: समुद्रकिनाऱ्यासाठी तुमचं शरीर तयार आहे का? त्याविरुद्धच्या अर्जावर 70 हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि 2016 मध्ये महापौर सादिक खान यांनी स्त्रियांना स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावणाऱ्या जाहिराती शहराच्या वाहतूक व्यवस्थेत बंद केल्या. दोन्ही जाहिराती बायकांशी त्यांच्या शरीराबद्दलच बोलत होत्या. एक भीती कमी करत होती, दुसरी भीतीवरच माल विकत होती.

आता तुमचं पोस्टर. पोस्टरच्या आधी दहा बायकांशी बोला, आणि त्या दहा जणी न येणाऱ्या असाव्यात. उत्साही बायका पोस्टरशिवायही येतात. विचारा: कोणत्या वेळी दहा मिनिटं निघतात, बाहेर पडताना नको काय वाटतं, आणि कोण सोबत असेल तर याल. उत्तरं बहुतेक अशी येतील: पार्किंगजवळ मुलं बसतात, मागच्या गल्लीत दिवा नाही, कुत्री आहेत, सकाळी डबे असतात, सगळ्या भरभर चालतात. यातल्या दोन अडचणी प्रत्यक्ष सोडवल्याशिवाय पोस्टर छापू नका. दिवा लावून घेणं हा मोहिमेचाच भाग आहे.

फोटो सोसायटीतल्याच बायकांचे घ्या, पाच-सहा, लेखी परवानगी घेऊन. चेहरा दिसला पाहिजे. मान कापलेलं नुसतं धड, मग ते जाड असो की बारीक, कधीच नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, आणि क्षण चालतानाचा, गप्पांचा, हसण्याचा. एक तरी साठीची असावी, एक तरी साडीतली, एक गुडघ्याला पट्टा लावलेली. लता करे यांचा नऊवारीतला फोटो लावायचा मोह होईल. तो टाळा. बारामतीत त्या शर्यतीत अनवाणी धावल्या त्या पतीच्या उपचाराच्या पैशांसाठी, आणि ती गरज प्रेरणा म्हणून भिंतीवर टांगण्यात काही शोभा नाही. साडीतल्या धावण्याचं उदाहरण हवंच असेल तर 2012 पासून मुंबईत सुरू झालेल्या ‘पिंकेथॉन’चं द्या. तिथे बायका साडीत आणि पंजाबी ड्रेसमध्ये हौसेने धावतात, 3 किलोमीटरपासून.

मजकुरातून वजन, पोट, कॅलरी, ‘फिगर’ हे शब्द काढा. ‘निरोगी राहा’ वगैरेही नको, ते सगळ्यांना पाठ आहे आणि त्याने कोणी उठत नाही. ठिकाण, वार, वेळ, किती मिनिटं, काय घालायचं आणि कोणाला फोन करायचा, एवढंच. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार. रात्री 8.45. बी विंगच्या गेटपाशी. 20 मिनिटं. घरातल्या कपड्यांत या. सर्वांत हळू चालणारीच्या वेगाने जाऊ.’ शेवटचं वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरात. ए3 आकाराची प्रत प्रत्येक लिफ्टमध्ये आणि दूध केंद्रापाशी पुरे. व्हॉट्सॲप संदेश आदल्या रात्री एकदाच. मात्र प्रत्येक नव्या बाईला एक जुनी बाई त्या दिवशी फोन करील असं वाटून घ्या, कारण गट टिकतो तो या फोनवर.

चालताना एक अनुभवी बाई कायम सर्वांत मागे ठेवा. पुढे कोणी निघून गेलं तरी शेवटची एकटी पडत नाही. गटाचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. आणि वजन घटवायची स्पर्धा तर अजिबात नको. त्यात उपाशी राहणारी जिंकते, औषधांमुळे वजन वाढलेली हरते, आणि जिला ताकदीची खरी गरज आहे अशा बारीक बाईला तिथे कामच नसतं. यश मोजायचं तर पोस्टवरचे अंगठे मोजू नका. पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी चौथ्या आणि आठव्या आठवड्यात किती जणी आल्या ते वहीत लिहा. निम्म्या टिकल्या तर मोहीम उत्तम चालली आहे. गळालेल्यांना कारण विचारा. बहुधा वेळ किंवा वेग बदलावा लागेल, पोस्टर नव्हे.

जाहिरातींतले कपडे आणि बूट पाहून छाती दडपते. एवढा खर्च केल्याशिवाय सुरुवात करता येत नाही का?
– एक वाचक, सातारा

येते. चालण्यासाठी सलवार-कमीज चालते. साडी असेल तर घोट्याच्या दोन बोटं वर नेसा, निऱ्यांना आतून पिन लावा आणि पदर खोचा. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. सपाट स्लीपर नको, कारण ती पायात धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि पोटऱ्या दुखतात.

एका गोष्टीवर मात्र पैसे घाला: स्पोर्ट्स ब्रा, विशेषतः धावायचं किंवा उड्या मारायच्या असतील तर. स्तन धावताना वर-खाली आणि बाजूंनाही हलतात, दुखतात, आणि केवळ त्या अवघडलेपणापायी कित्येक मुली खेळ सोडतात. जाहिराती रंग दाखवतात, तुम्ही पट्टा पाहा, कारण आधार मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याचा असतो, खांद्यांचा नव्हे. छातीखाली टेप आडवी धरून घेर मोजा आणि त्या मापाची घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. हात वर केल्यावर पट्टा वर सरकला तर ती सैल आहे, कडेने स्तन बाहेर आले तर कप लहान आहे. दुकानात जागच्या जागी दहा उड्या मारून पाहा. विक्रेतीसमोर संकोच वाटला तर ट्रायल रूममध्ये मारा, पण मारा. पट्टा सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसणारी घ्या, म्हणजे ताण सैल पडत जाईल तसे आतले हुक वापरता येतात. सगळ्यांत आतल्या हुकावरही पट्टा वर सरकायला लागला की ती बदला.